मोठ्या तुऱ्याची कोंबडी

मार्लिस ट्वेट भित्री होती. ही काही तिच्या पाठीमागे कुजबुजायची गोष्ट नव्हती, सगळे तिला तोंडावरच म्हणायचे. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना बायका विचारायच्या, "मग मार्लिस, या आठवड्यात आम्ही कशाला घाबरायचं?" आणि ती अगदी मनापासून सांगायची. तळ्यावरचा बर्फ यंदा पातळ आहे. विहिरीचा पंप गोठणार. पोस्टाच्या पायऱ्यांवर कुणीतरी कंबर मोडून घेणार. बायका खो खो हसायच्या आणि घरी गेल्यावर आपापला पंप गुपचूप बघून यायच्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती घराच्या मागच्या दारापासून खुराड्याच्या दारापर्यंत जाडजूड दोरी बांधायची. साठ पावलांचं अंतर. मिनेसोटाच्या या वायव्य कोपऱ्यात जमीन परातीसारखी सपाट आहे, वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. वादळ आलं की स्वतःचा हात दिसत नाही. मार्लिसच्या वडिलांच्या वेळेला दोरी सगळेच बांधायचे. तिचा धाकटा काका एका मार्चमध्ये दोरी नसताना धार काढायला म्हणून गोठ्याकडे निघाला. तो सापडला एप्रिलमध्ये, दारापासून चाळीस पावलांवर. तेव्हा ती सात वर्षांची होती. आता सदुसष्टची झाली तरी दोरीची गाठ ती दोनदा ओढून बघायची.

"कपडे वाळत घालायचेत का?" तिचा नवरा ऑर्लिन दरवर्षी विचारायचा. सव्वासहा फुटांचा हा गडी अडतीस वर्षं साखरबिटाचे ट्रक हाकून निवृत्त झालेला. त्याने त्या दोरीला जन्मात कधी हात लावला नव्हता. वादळातही तो हात खिशात घालून जायचा आणि शीळ घालत परत यायचा. धीट माणसांचं एक बरं असतं, त्यांच्या वाटचं भिण्याचं काम घरात दुसरं कुणीतरी करत असतं.

ह्या दोघांचं वर्षातलं मोठं भांडण जानेवारीत व्हायचं. पिल्लं विकणाऱ्या उबवणी केंद्राचा रंगीत कॅटलॉग पोस्टाने यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीचे मग बाजूला सारून दोघं बसायचे. ऑर्लिनला हौस रंगीत अंड्यांची. तपकिरी, साईसारखी, निळी, शेवाळी, चॉकलेटी अंडी एका डब्यात मांडायची आणि डबा गावातल्या दुकानात उघडून लोकांना दाखवायचा. चेहरा असा, की जणू अंडी ह्यानेच घातली आहेत.

मार्लिस अंड्याकडे बघायचीच नाही. ती कोंबडीचं डोकं बघायची. तुरा केवढा आहे? उभा, करवतीसारखा, मोठा तुरा म्हणजे उणे तीसमध्ये त्याची टोकं आधी पांढरी पडणार आणि मग काळी होऊन गळणार. डोक्याला चिकटलेला बसका तुरा हवा. अंगाने गुबगुबीत हवी, गालावर दाढीसारखी पिसं असली तर फारच छान. वायनडॉट जातीची चालेल. निळ्या अंड्यासाठी अमेरॉकाना, तिचा तुरा वाटाण्याएवढा. चॉकलेटी अंड्याची मरान घ्यायची तर तिच्या तुऱ्याला व्हॅसलिन चोळायची तयारी ठेवायची. हे सगळं ती पेन्सिलीने समासात लिहायची.

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. कोंबड्या पाळायला लागली त्या पहिल्या हिवाळ्यात तिने काय करावं? बिचाऱ्यांना थंडी वाजेल म्हणून खुराड्याचे वरचे झरोके जुन्या गोधड्या कोंबून बंद केले. फटीफटीत चिंध्या भरल्या. सकाळी दार उघडलं तर आतल्या भिंतींवरून पाणी ओघळत होतं, काचा घामेजल्या होत्या, आणि कोंबडा-कोंबड्यांचे तुरे त्या ओलीने गोठून गेले होते. चार मेल्या. पलीकडच्या शेतावरची म्हातारी अल्मा बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिने ते सगळं पाहिलं.

"अगं, त्यांच्या अंगावर कोट आहे," अल्मा म्हणाली. "थंडीचं काय घेऊन बसलीस? त्यांचा श्वास बाहेर जायला जागा ठेव. भिंतीला घाम आला की समज, आतला जीव गुदमरतोय."

मार्लिसने त्याच दिवशी झरोके उघडले ते पुन्हा कधी बंद केले नाहीत. पण त्या चार मेलेल्या कोंबड्या तिच्या मनातून गेल्या नाहीत. आपण प्रेमाने गुदमरवल्या, असं तिला वाटत राहिलं.

तर मागच्या जानेवारीत ऑर्लिनने कॅटलॉगच्या एका पानावर बोट ठेवलं. क्रीम लेगबार. आकाशी निळं अंडं. पण डोक्यावर हा भलामोठा लालभडक उभा तुरा, आणि त्याच्या मागे पिसांची एक वेडीवाकडी शेंडी, घाईत घातलेल्या हॅटसारखी.

"ही बघ," ऑर्लिन म्हणाला. "हुबेहूब मिस लुंडीन."

"कोण मिस लुंडीन?"

"माझी तिसरीची बाई. अशीच हॅट, अशीच मान. मला रोज उभं करायची. 'ऑर्लिन ट्वेट, उभा राहा.' साठ वर्षं झाली, अजून कुणी तसं म्हणालं तर मी खुर्चीतून उठेन."

"तुरा बघितलास का तिचा?"

"बघितला. छान आहे."

"छान आहे म्हणे. इथे तो तुरा टिकेल का? निळंच हवं तर अमेरॉकाना आहेत की दोन."

"त्या अमेरॉकाना बघून मला माझी मावशी आठवते. मला बाई हवी."

"ऑर्लिन, ही थंडीची कोंबडी नाही. मी तिची काळजी करत करत मरेन."

"तू तशीही करतच असतेस. एक वाढली तर काय होतं?"

एवढ्यावर भांडण संपलं. एप्रिलमध्ये पोस्टातून फोन आला की तुमचा खोका चिवचिवतोय, घेऊन जा. पिल्लांत ती एक होती. ऑगस्टपर्यंत तिची शेंडी फुटली आणि सप्टेंबरात तिने पहिलं अंडं घातलं, सकाळच्या आकाशाच्या रंगाचं. ऑर्लिन ते खिशात घालून गावभर फिरला. कोंबडीचं नाव पडलं मास्तरीणबाई, आणि तीही नावाला जागली. इतर कोंबड्यांना रांगेत लावायची, दाण्याच्या भांड्याशी कुणी घुसलं की टोचून बाजूला करायची.

मार्लिस मात्र ऑक्टोबरपासून तिच्या तुऱ्याकडे बघून झुरत होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. मंगळवारी दुपारी वारा सुटला आणि बुधवारी दिवसभर घराच्या उत्तरेच्या भिंतीवर बर्फ आदळत राहिला. मार्लिसने घराची तयारी आधीच करून ठेवली होती. खिडक्यांवर आतून प्लास्टिकचे पडदे ताणून चिकटवलेले, दारांखाली टॉवेलांच्या गुंडाळ्या, कुलपाच्या भोकात कापूस. वाऱ्याची एक झुळूक आत यायची सोय नव्हती. तळघरातली, घर तापवणारी प्रोपेन गॅसची भट्टी घुरघुरत होती, घर उबदार होतं आणि ऑर्लिन आरामखुर्चीत पाय पसरून बसला होता.

बुधवारी सकाळी ती दोरी धरून खुराड्यात गेली. जीव मुठीत धरून एकेक पाऊल टाकत गेली. कोंबड्या पसरट दांडीवर पायांची बोटं पोटाखाली घेऊन फुगून बसल्या होत्या आणि त्यांना काही झालेलं नव्हतं. पण मास्तरीणबाईच्या तुऱ्याची दोन टोकं पांढरी पडली होती. तिने ती कोंबडी कोटाच्या आत घेतली, एका हाताने दोरी धरली आणि घरी आणली.

"आणलीस?" ऑर्लिन डोळे न उघडता म्हणाला. "आता तिला टोपी वीण."

"तुझीच हौस आहे ही."

"माझ्यासाठी तर कधी विणली नाहीस."

त्यांच्या पूर्वीच्या, आता मेलेल्या कुत्र्याचा जुना पिंजरा तळघरात होता. मार्लिसने त्यात पेंढा घातला, कोंबडीच्या तुऱ्याला व्हॅसलिन लावलं आणि पिंजरा भट्टीच्या शेजारी ठेवला, घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणून.

बुधवारी संध्याकाळी ऑर्लिन म्हणाला डोकं दुखतंय. जेवणात ओव्हनमध्ये भाजलेलं भाजी-मांस होतं, त्याने काट्याने ते नुसतं चिवडलं. "सर्दीताप आहे. चर्चमध्ये निम्मे लोक शिंकत होते." मार्लिसचंही डोकं ठणकत होतं. ती घाबरली, पण ती तर रोजच घाबरायची, तेव्हा त्या घाबरण्याकडे तिने स्वतःही फार लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी वारा पडला. आकाश लख्ख निळं झालं आणि पारा उणे अडतीसवर गेला. उत्तरेच्या बाजूला बर्फाचा ढीग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला होता. ऑर्लिन कॉफी न पिताच पुन्हा आरामखुर्चीत जाऊन झोपला. कॉफी तशीच थंड झाली, तिच्यावर साय धरली. ऑर्लिनने गरम कॉफी सोडली असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

अंडी गोठून तडकायच्या आत काढायला हवीत म्हणून मार्लिस नऊ वाजता खुराड्यात गेली. बाहेरच्या हवेने नाकातले केस ताठ झाले, पण डोकं मात्र हलकं झालं. कोंबड्यांत बसलं की बरं वाटतं मला, असं तिने मनाशी म्हटलं. चार अंडी कोटाच्या खिशात घालून ती परत आली आणि अर्ध्या तासात कपाळात पुन्हा घण बसायला लागले. पोटात ढवळू लागलं. तिला वाटलं, आपणही आता आजारी पडणार, मग दोघांचं कोण करणार, रस्ते बंद आहेत, डॉक्टर तीस मैलांवर आहे. नेहमीच्या भीतीची जपमाळ सुरू झाली.

अकराच्या सुमाराला ती वाटीत मका घेऊन तळघरात उतरली. पायऱ्या उतरताना गुडघे हलत होते. वयाने, असं ती म्हणाली. तळघराला वरच्या बाजूला एक लहान खिडकी होती. तिच्यातून बर्फाचा पांढरा उजेड येत होता, आणि त्या उजेडात तिने पाहिलं, की काचेवरून पाणी ओघळतंय.

थेंब नव्हे, ओहोळ. खिडकीखालची भिंतही ओली होती. काचेला घाम आला होता.

मार्लिस वाटी घेऊन तिथेच उभी राहिली. हे तिने पूर्वी पाहिलं होतं. कुठे पाहिलं ते आठवायला तिला केवढा वेळ लागला, कारण डोकं चालत नव्हतं, विचार चिखलातून यावेत तसे येत होते. भिंतीला घाम आला की समज. अल्माचे कमरेवरचे हात. गोधड्या कोंबलेले झरोके. चार कोंबड्या.

तिने पिंजऱ्याकडे पाहिलं. मास्तरीणबाई कुशीवर पडली होती. चोच उघडी, मान पेंढ्यावर टाकलेली, आणि ती दिमाखदार शेंडी एका बाजूला चपटी झालेली. अंगाखाली एक निळं अंडं होतं.

मग सगळं एकदम उमगलं. भट्टीच्या धुराची नळी उत्तरेच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर जात होती. उत्तरेच्या भिंतीवर दोन दिवस बर्फ साचला होता, तेव्हा भट्टीतली जळकी हवा वाफेसकट घरातच फिरत होती. नळी बुजली की आपोआप बंद पडायची अक्कल नव्या भट्ट्यांना असते, ही भट्टी सव्वीस वर्षांची होती. आणि ह्या विषारी हवेला ना रंग ना वास, तिची चाहूल लागावी म्हणून भिंतीवर बसवलेलं यंत्र नोव्हेंबरात सेल संपल्याने टिकटिकत होतं म्हणून ऑर्लिनने त्याचा सेल काढून टाकला होता. "नवा आणतो," म्हणाला होता. तिने चार वेळा आठवण केली होती. चारही वेळा तो "हो गं भित्रे" म्हणाला होता. ते यंत्र जिन्याजवळ खिळ्यावर तोंड उघडं टाकून लटकत होतं.

आणि फटीफटीत टॉवेल कोंबले होते तिने. स्वतःच्या हाताने. तीच चूक, पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी आत ऑर्लिन होता.

आयुष्यभर तिने भीतीची सवय केली होती, पण खरी वेळ आली तेव्हा तिला काही सुचेना. वाटी पडली, मका सगळीकडे पसरला. एक क्षण ती पिंजऱ्याकडे वाकली, कोंबडी उचलावी म्हणून. मग तिला वाटलं, एकदा खाली वाकले तर मी उठणार नाही. ती वळली आणि जिन्याचा कठडा धरून, हातांवर गुडघ्यांवर, वर चढली. कोंबडीला तशीच टाकून आल्याचं तिला पुढे कायम टोचत राहिलं.

जिन्याच्या तोंडाशी भट्टीचं लाल बटण होतं ते तिने बंद केलं. मागचं दार सताड उघडलं. मग खिडक्या. प्लास्टिकचे पडदे तिने नखांनी फाडले, जे तिने दोन दिवस खपून एक सुरकुती न पडता लावले होते. उणे अडतीसची हवा घरात लोटली. कुंडीतली झाडं बघता बघता काळवंडणार होती. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"ऑर्लिन, ऊठ."

ऑर्लिन हलला नाही. तोंड उघडं, चेहरा जरा जास्तच तुकतुकीत. तिने खांदा हलवला.

"झोपू दे ना," तो पुटपुटला. "थंडी येतेय कुठून तरी."

"ऑर्लिन, हवा विषारी झालीय. बाहेर चल. ऊठ बाबा."

"पाच मिनिटं."

तिने त्याला ओढलं. शंभर किलोचा माणूस, तो खुर्चीतून इंचभर सरकला नाही. ती रडायला लागली. आपलं रडणं तिला ऐकू येत होतं आणि त्याला येत नव्हतं. आपण आणखी थोडा वेळ इथे थांबलो तर आपणही त्याच्या पायाशी बसून झोपणार, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिला त्या झोपेची भीती वाटली. वादळाची, बर्फाची, तळ्याची, कशाचीच एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती.

मग ती सरळ उभी राहिली. डोळे पुसले. मान ताठ केली, आणि तिचा नव्हेच असा आवाज काढला.

"ऑर्लिन ट्वेट, उभा राहा."

ऑर्लिनचे डोळे उघडले. कुठे बघतोय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याचे हात खुर्चीच्या हातांवर गेले आणि एकाहत्तर वर्षांचा तो माणूस डुलत डुलत उभा राहिला.

"रांगेत चल," मार्लिस म्हणाली. "दाराकडे. बोलायचं नाही."

तो चालला. तिने त्याच्या अंगावर कोट टाकला, वरून पलंगावरची गोधडी गुंडाळली, बूट नुसते पायात अडकवले. बाहेर उजेड डोळ्यांत सुयांसारखा घुसला. ट्रक छपरापर्यंत बर्फात गाडला गेला होता. शेजार पाऊण मैलावर. साठ पावलांवर खुराडं होतं आणि तिथवर दोरी होती. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात नवरा. गुडघाभर बर्फात तो एकदा पडला. पडल्यावर त्याला बरं वाटलं, तो तिथेच कुशीवर वळायला लागला. मार्लिसने पुन्हा मिस लुंडीनचा आवाज काढला. तो उठला.

खुराड्यात तिने त्याला पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि खिशातून फोन काढून मदतीचा नंबर लावला. पलीकडची बाई म्हणाली, "बर्फ काढायची गाडी पुढे घालून माणसं निघतील. अर्धा तास धरा. त्यांना झोपू देऊ नका, समजलं?"

"कसं झोपू देऊ नको?"

"बोलत ठेवा. काहीही विचारा."

ऑर्लिन बाजूला वळून ओकला. कोंबड्या दांडीवरून माना वाकड्या करून बघत होत्या. वरच्या झरोक्यांतून कोरडी हवा येत होती आणि मार्लिस ती पाण्यासारखी गिळत होती. तिने त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"ऑर्लिन, ती कोण, टोकाला बसलीय ती?"

"कोंबडी."

"कुठली कोंबडी?"

बराच वेळ गेला. "ट्रूडी."

"अंडं कुठल्या रंगाचं घालते ट्रूडी?"

"पिवळं."

पिवळं अंडं जगात कुठलीच कोंबडी घालत नाही. हा माणूस, ज्याला रंग तोंडपाठ, जो डबा उघडून कुठलं अंडं कुणाचं ते दुकानदाराला सांगायचा. काहीतरी गेलं, तिला वाटलं. डोक्यातलं काहीतरी गेलं आणि ते परत येणार नाही. मी उशीर केला. कालच डोकं दुखलं तेव्हा कळायला हवं होतं. रोज घाबरते मी, आणि ज्या दिवशी घाबरायचं त्या दिवशी मका घेऊन फिरत होते.

"नीट बघ. ट्रूडी. दाढीवाली."

"झोप येतेय गं."

"ट्रूडीचं अंडं सांग, मग झोप."

"निळं," तो वैतागून म्हणाला. "निळं घालते. तुला माहीत नाही का?"

"मला नाही माहीत. आणि तिच्या शेजारची?"

"बर्निस. साईसारखं. कधी कधी ठिपके."

"ओपल?"

"शेवाळी." त्याने डोळे उघडले, पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिल्यासारखं पाहिलं. "आपण खुराड्यात का बसलोय? माझ्या कोटाला वास लागेल."

मार्लिस हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं. "लागू दे वास. आणि ती काळी?"

"चॉकलेटी." मग तो दांडीवरच्या कोंबड्या बोटाने मोजायला लागला. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "मास्तरीण कुठंय?"

मार्लिसने त्याची गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"तिचं अंडं कुठल्या रंगाचं?" तिने विचारलं.

"निळं," ऑर्लिन म्हणाला. "ट्रूडीपेक्षा फिकट."

अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं लागली. ड्वेन कॉस्की, एरवी गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि आग लागली की आग विझवणारा, खुराड्याचं दार उघडून आत डोकावला तेव्हा ऑर्लिन पाचव्यांदा बर्निसच्या ठिपक्यांबद्दल सांगत होता. दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवले. ड्वेन हवा मोजायचं यंत्र घेऊन घरात जाऊन आला. एवढी दारं-खिडक्या उघडी असूनही तळघरात ते यंत्र किंचाळत होतं. ड्वेनच्या हातात पिंजरा होता, आतली मेलेली कोंबडी दिसू नये म्हणून वरून त्याने आपलं जाकीट टाकलं होतं.

"मार्लिस, नळीवर चार फूट बर्फ होता," तो म्हणाला. "आणखी तासभर आत बसला असतात ना, तर आलो असतो आम्ही, पण मग घाई केली नसती." थोडं थांबून त्याने विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

मार्लिसने पिंजऱ्याकडे बोट केलं. मुखवट्यातून तिला बोलता येत नव्हतं.

इस्पितळात दोन दिवस ठेवलं. ऑर्लिनचं डोकं शाबूत होतं, एक-दोन माणसांची नावं तेवढी पुढेमागे व्हायची, ती पूर्वीही व्हायची. घराला नवी भट्टी बसली. धुराची नळी आता छतातून गेली, तरी बाहेरची हवा आत घेणारी एक नळी उत्तरेच्या भिंतीतच राहिली. ऑर्लिनने हवेची चाहूल घेणारी तीन यंत्रं आणली आणि प्रत्येकाखाली खिळ्याला एक जादा सेल टांगला. चर्चच्या तळघरात बायकांनी मार्लिसला ह्या आठवड्यात कशाला घाबरायचं ते विचारलं नाही. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि तिने पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

जानेवारीच्या अखेरीला कॅटलॉग आला. पारा उणे तीसवर होता, वारा पुन्हा सुटायच्या बेतात होता. टेबलावर कॉफीचे मग बाजूला झाले. ह्या वेळी पेन्सील ऑर्लिनच्या हातात होती. तो रंग बघत नव्हता. तो बोट ठेवून एकेक डोकं तपासत होता.

"वायनडॉट घेऊ चार. बसका तुरा आहे," तो म्हणाला. "अमेरॉकाना दोन. मरान नको, तिचा उभा असतो. ही नको. ही पण नको."

"आणि ही?" मार्लिसने पान उलटून लेगबारच्या चित्रावर बोट ठेवलं.

ऑर्लिनने त्या शेंडीकडे बराच वेळ बघितलं.

"नको," तो म्हणाला. "तुरा मोठा आहे गं. आपल्या थंडीत टिकायची नाही."

"माहीत आहे."

"मला भीती वाटते, मार्लिस."

हे वाक्य त्या घरात रोज बोललं जायचं, पण त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं. तिने त्याच्या हातातून पेन्सील घेतली आणि लेगबारपुढे एकचा आकडा लिहिला. त्याने खिडकीबाहेर बघितलं. बर्फाची पहिली भुकटी अंगणातून सरपटत जायला लागली होती. तो उठला, कोट चढवला, बूट नीट बांधले.

"कुठे निघालास?"

"नळी बघून येतो. आणि कोंबड्यांचे झरोके."

"सकाळपासून दोनदा बघितलीस."

"तिसऱ्यांदा बघतो."

दार उघडं टाकून तो पायरीवर उभा राहिला. मार्लिस खिडकीशी गेली. अजून सगळं स्पष्ट दिसत होतं, अंगण, कुंपण, खुराड्याचं लाल दार. ऑर्लिनने खिशातले हात बाहेर काढले, जाड हातमोज्याने दोरी पकडली आणि ती शेवटपर्यंत न सोडता खुराड्यापर्यंत चालत गेला.